जरा माझा माग बघ

हे खरं आहे. तुम्हाला पटवून द्यायला मी बसलेले नाही, कारण मला स्वतःलाच ते अजून नीट पटलेलं नाही. पण घडलं ते असंच घडलं, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ती सगळी माझ्या घरची माणसं आहेत.

अशा गोष्टी एरवी रात्रीच्या असतात. सामसूम रस्ता, बंद पडलेली गाडी, लांबून कुत्रं रडतंय वगैरे. आमची गोष्ट शनिवारच्या दुपारची आहे. बंगळूरच्या एका मॉलमधली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारची बाई आपल्या मुलाला पॉपकॉर्न भरवत होती.

मॉलचं नाव सांगत नाही. बोम्मसंद्र्याच्या पलीकडे, नदीच्या काठाला आहे. नदी म्हणजे नावालाच. पावसाळा सोडला तर तिच्यातून फेसच वाहतो. तरी काठाने चकचकीत फरशी, बाक, कॉफीची दुकानं, सगळं आहे. वास येऊ नये म्हणून नदीच्या बाजूला उंच काचा लावल्या आहेत.

पूर्वी तिथे कापडाची गिरणी होती. गिरणी बंद पडली, कितीतरी वर्षं जागा तशीच पडून होती, मग कुणीतरी घेतली आणि मॉल उभा केला. एक जुनी शेड मात्र त्यांनी पाडली नाही. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, लोखंडी खांब. खांबांना पिवळा रंग दिला, खाली मऊ गाद्या अंथरल्या, घसरगुंड्या लावल्या, आणि मुलांचं खेळघर केलं.

मी श्वेता. माहेर इचलकरंजी. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेते. नवरा गुरुदत्त पुण्याचा. आम्ही मारतहळ्ळीला राहतो. आम्हाला एक मुलगी आहे, शलाका. हे घडलं तेव्हा चार वर्षांची होती.

शलाका बोलत नव्हती.

आधी बोलायची. आई, पाणी, माऊ, नको. ‘नको’ तर दिवसभर. मग हळूहळू एकेक शब्द कमी होत गेला आणि एक दिवस घरात शांतता झाली. नक्की कोणत्या दिवशी, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. नोकरी करणाऱ्या घरात असं होतं.

कान तपासले. उत्तम. मेंदूचे फोटो काढले. उत्तम. इंदिरानगरला मनस्विनी मॅडमची स्पीच थेरपी सुरू केली. टीव्ही बंद, मोबाईल बंद, घरात फक्त मराठी. सासूबाई म्हणाल्या, गुरुदत्तही उशिराच बोलला होता. सोसायटीतल्या बायका आमच्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या. सुरुवातीला मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. नंतर तेही थांबलं. खरं सांगते, मला काही वाटेनासंच झालं होतं. रिपोर्ट आणायचे, फाईलला लावायचे, तिला भरवायचं, झोपवायचं.

शनिवारी दुपारी आम्ही त्या मॉलमध्ये जायचो, कारण त्या वेळेला तिथे गर्दी नसायची.

शलाका घसरगुंडीवर जायची नाही. बॉलच्या हौदात उतरायची नाही. आत सोडलं की सरळ चालत शेवटच्या खांबापाशी जायची... आणि उभी राहायची.

नुसती उभी. तोंड भिंतीकडे. निघायची वेळ झाली की उचलून आणावी लागायची. तेवढ्यापुरती ती हातपाय झाडायची, पण तेव्हाही आवाज नाही.

खेळघरात कावेरी नावाची एक बाई कामाला होती, निपाणीकडची. मराठी बोलते कळल्यावर मी तिला विचारलं, तिथे काय आहे गं? ती म्हणाली, “काय नाही अक्का. पण मी तिकडं स्टूल टाकत नाही. स्वल्प वेळ बसलं तरी पायाला मुंग्या येतात.”

मी म्हटलं, एसीचं मशीन असेल खाली.

मग शलाकाचे हात सुरू झाले.

घरी जेवताना तिने दोन बोटं एकमेकांवर ठेवली आणि झटकन वेगळी केली. पुन्हा तेच. मी वरणभात कालवत होते. माझा हात थांबला.

ही खूण मला माहीत होती. ‘धागा तुटला.’

इचलकरंजी म्हणजे मागांचं गाव. घरटी नाही तरी गल्लीला एक कारखाना असतोच, आणि तिथे दिवसरात्र यंत्रमाग धडधडत असतात. आत शिरलं की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, पाणी आण, मालक आला. माझे वडील जन्मभर मागावर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचे कान त्यातच गेले. त्यांना डबा द्यायला मी जायचे, त्यामुळे थोड्या खुणा मलाही येतात.

मला वाटलं, व्हिडिओ कॉलवर अण्णांनी नातीला शिकवलं.

मला इतका आनंद झाला की मी ताटावरून उठून तिचे मुके घेतले. बोलली नाही तर नाही, पण माझी पोर काहीतरी सांगत होती. मनस्विनी मॅडमही खूश झाल्या. म्हणाल्या, “हे कम्युनिकेशनच आहे. जे करताय ते अजिबात बंद करू नका.”

म्हणून आम्ही एकही शनिवार चुकवला नाही.

प्रत्येक शनिवारनंतर एक नवी खूण यायची...

एकदा व्हिडिओ कॉलवर मी अण्णांना कौतुकाने म्हटलं, बघा तुमची शिष्या. मोबाईल शलाकासमोर धरला. ती खाली बघून आपली हात हलवत होती. अण्णा बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला.

“हे कुणी शिकिवलं हिला?”

“तुम्हीच ना.”

ओठ वाचून त्यांना माझं बोलणं कळायचं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “मी कशाला शिकवू? माग सोडल्यापास्नं मी हे केलंच न्हाई. आणि श्वेता, ती बोलत न्हाई गं. ती काम करायलीय.”

“म्हणजे?”

“पोरगी मागावर उभी हाय.”

मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? ते हसले नाहीत. पोरगी बोलायची कधीपासनं बंद झाली, विचारलं. मी म्हटलं, असंच, हळूहळू. तर म्हणाले, मागावर उभं असलेलं माणूस बोलतच न्हाई, बोलून उपेग काय, कुणाला ऐकू जाणार.

फोन ठेवल्यावर मी मोबाईलमधले जुने व्हिडिओ काढून बसले. शलाकाचा बोलताना शेवटचा व्हिडिओ सापडला. गुरुदत्तच्या ऑफिसमधल्या कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. शलाका लांबून कॅमेऱ्याकडे बघत म्हणते, “आई, थांब. काका बोलावतायत.”

मागे पिवळा खांब आहे. खांबापाशी कुणीच नाही.

अण्णा बसने आले. आयुष्यात एकटे कधी कोल्हापूरच्या पुढे न गेलेला माणूस, कान बंद, भाषा येत नाही, तरी आला. आईचा विरोध होता. शनिवारी दुपारी आम्ही तिघंच मॉलमध्ये गेलो. गुरुदत्तची मीटिंग होती, आणि खरं तर त्याला हे सगळं येडेपणा वाटत होता. मलाही वाटत होता. म्हाताऱ्याचं समाधान, एवढंच.

शेडमध्ये शिरल्यावर अण्णांनी आधी वर छपराकडे बघितलं. मग गाद्यांकडे, मग खांबांकडे. चपला काढून आत आले. शलाका नेहमीसारखी शेवटच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली होती.

अण्णांनी खांबाला हात लावला.

थोडा वेळ तसाच ठेवला...

“चालू हाय,” ते म्हणाले.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. आणि मग लक्षात आलं, मला खरंच काहीच ऐकू येत नव्हतं. खेळघरातली ती लहान मुलांची गाणी, एसीची घरघर, पॉपकॉर्नवाल्या बाईचा मुलगा... त्याचं तोंड उघडं होतं, तो रडत होता, आणि आवाज नव्हता.

तळपायाला मात्र जाणवलं. बारीक, सारखं.

मी बॉलच्या हौदाकडे बघितलं. आत एकही मूल नव्हतं. हौदातले सगळे बॉल जागच्या जागी थरथरत होते.

मी ओरडायला हवं होतं. शलाकाला उचलून पळायला हवं होतं. मी नुसती उभी राहिले. भीतीसुद्धा वाटली नाही. पाय बधिर झाले होते आणि वरही तसंच होत चाललं होतं.

अण्णा शलाकासमोर उकिडवे बसले. हाताने विचारलं, माग कुणाचा?

शलाकाने वर बघितलं. कितीतरी महिन्यांनी ती कुणाच्या तरी डोळ्यांत बघत होती. तिने समोर बोट दाखवलं. मग डोळ्याखाली दोन बोटं टेकवली. आणि मग एक तळहात दुसऱ्यावरून पुसला.

पहिल्या दोन खुणा मलाही कळल्या. माझा माग बघ. लघवीला जायचं असेल, तंबाखू खायची असेल, तर मागावरचा माणूस शेजारच्याला ही खूण करतो. शेजारच्याने होकारार्थी मान हलवली की तो जातो. ह्याला कुणी नाही म्हणत नाही. आज तू माझा बघ, उद्या मी तुझा. आमच्या गावात ते माणुसकीत धरतात. तिसरी खूण मला कळली नाही.

अण्णांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. खाली केले. स्वतः उठून तिच्या जागी उभे राहिले.

आणि मान हलवली.

आवाज परत आला. सगळा एकदम. गाणी, एसी, त्या पोराचं रडणं.

“आई,” शलाका म्हणाली, “मला भूक लागली.”

मी तिथेच गादीवर बसले. तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, “नको. दुखतंय.” मी हसत होते की रडत होते, ते कावेरीलाच विचारा, ती धावत आली होती. अण्णांकडे माझं लक्षच गेलं नाही.

निघताना बघितलं तर ते अजून खांबापाशीच उभे होते. तोंड भिंतीकडे. हाताला धरून आणावं लागलं.

गाडीत ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. मागे शलाका खिडकीतून दिसेल त्याचं नाव घेत होती. बस, झाड, माऊ. सिग्नलला मी त्यांच्याकडे वळून विचारलं, अण्णा, काय झालं तिथे?

“माग घेतला तिच्याकडनं,” ते म्हणाले. “एवढीशी पोरगी. किती दिवस उभी हाय, काय म्हाईत.”

“कोण होतं?”

“मला कुठं दिसतंय? काम दिसतंय नुसतं.” सिग्नल सुटला. “आमच्यात शेवटी ‘आलोच’ म्हणत्यात. अंगठा मागं करून. त्या माणसानं म्हटलं न्हाई. हातावरनं हात पुसून ‘झालं माझं’ म्हणला आन् गेला.”

त्यांचे हात मांडीवर होते. बोटं हलत होती.

शलाका आता बोलते. नुसती बोलत नाही, डोकं खाते. मनस्विनी मॅडमनी तिची केस आपल्या व्याख्यानात घेतली आहे. गुरुदत्त म्हणतो, थेरपीचा उशिरा परिणाम. म्हणू दे.

मी एकदा एकटीच त्या मॉलमध्ये जाऊन आले. शेवटच्या खांबापाशी उभी राहिले. कावेरीने आता तिथे स्टूल टाकलंय. मुंग्या येत नाहीत म्हणाली. हौदातले बॉल गप पडले होते. तिथे आता काही नाही.

ते आमच्या घरी आहे.

अण्णा इचलकरंजीला गेले आणि आठवडाभरात त्यांचं बोलणं थांबलं. मग भिंतीकडे तोंड करून उभं राहणं सुरू झालं. आई बसवायची, ते उठायचे. झोप नाही. घास भरवावा लागतो, कारण हात रिकामे नसतात. सांगलीच्या डॉक्टरांनी मेंदूच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. मी दोनदा जाऊन आले. समोर बसलं की ते बघायचे, ओळख दाखवायचे नाहीत, आणि ती खूण करायचे. माझा माग बघ. झालं माझं.

मी मान ताठ धरून बसायचे. त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाही. ज्या माणसाने माझी मुलगी परत आणली, त्याच्यासमोर मी दगडासारखी बसायचे, आणि बसच्या वेळेआधीच निघायचे. मला लाज वाटते. पण शलाका लहान आहे, तिला आई हवी, असं मी मनाशी म्हणायचे, आणि ते खोटंही नाही.

आईला मी निक्षून सांगितलं होतं. काहीही झालं तरी मान हलवायची नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. सकाळचीच वेळ होती. आवाज हलका होता.

“झोपले बघ तुझे अण्णा. कालपास्नं गाढ झोपलेत. घोरायलेत.”

“गोळी बदलली का?”

“गोळी कुठली? अगं, संध्याकाळी समोर बसले होते मी. सारखं आपलं तेच करत होते. पाय सुजून असे झालेत. बघवंना मला. संसार केलाय त्यांच्याबरोबर, तू सांगतीस म्हणून किती दिवस दुसरीकडं बघू? म्हटलं, द्या हिकडं.”

मी फोन कानापासून काढून स्क्रीनकडे बघितलं.

“श्वेता? ऐकू येतंय नव्हं?”

“आई, कॅमेरा लाव.”

तिने लावला. फोन फळीवर टेकवलेला होता. तिचा चेहरा दिसत होता, छान, शांत, कुंकू लावलेलं.

“हात दाखव तुझे.”

“हात गुंतलेत गं,” आई म्हणाली. “मग करते फोन.”

तिने नंतर केला नाही. परवा अण्णांचा आला. ते खणखणीत बोलत होते, पोटभर जेवलो म्हणाले, मॉलचं काही आठवत नाही म्हणाले. मग म्हणाले, “तुझी आई गप गप झालीय. भित्तीकडं तोंड करून उभी ऱ्हाती. तू एकदा येऊन जा.”

मी शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलं आहे. गुरुदत्तला म्हटलं, आईला बरं नाही. तिच्यासमोर बसल्यावर मी काय करणार, ते मला माहीत नाही. विचार करायला बसले की डोकं बधिर होतं. अण्णांसमोर मी बसू शकले. आईसमोर बसवेल असं वाटत नाही.

काल बॅग भरत होते तर शलाका येऊन पलंगावर बसली. माझ्या साड्यांच्या घड्या मोडत तिने विचारलं, आजीला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, ती दमलीय, आई तिला मदत करायला चाललीय.

तिने हातातली साडी खाली ठेवली.

“तू नको करू,” ती म्हणाली. अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा. “तुला येत नाही. मला येतं.”

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तू बाबांजवळ थांबायचंस. तिने भोकाड पसरलं, खूप रडली, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढं. मी तिला थांबवलं नाही. रडून झोपली. तिच्या हातांवर पांघरूण घातलं होतं, ते मी काढलं आणि बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत बसले.